पहिली भाषा कोणती? : बेळगाव-निपाणीच्या शाळांतला जुना प्रश्न

बेळगाव आणि निपाणी भागातल्या शाळांच्या भाषेचा वाद १ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाला, अशी आपल्या घराघरांतली समजूत आहे. ती पुरती खरी नाही. त्या दिवशी वादातल्या बाजू बदलल्या इतकेच. वाद त्याआधी निदान शंभर वर्षांचा आहे, आणि त्याच्या पहिल्या अंकात तक्रार करणारे आपण नव्हतो. हा भाग आपल्याकडच्या व्याख्यानांतून सहसा सांगितला जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. इंग्रज याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत. नावात मराठा असले तरी मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठची बहुतेक रयत कानडी बोलणारी होती. दफ्तर मात्र मराठीत, मोडी अक्षरात चाले. पेशव्यांच्या आणि पटवर्धनांच्या अमलापासूनची ती वहिवाट होती. मुंबई सरकारने पुढे शाळा काढल्या तेव्हा पंतोजी मराठी शिकलेले, पुस्तके मुंबई-पुण्याकडे तयार झालेली आणि सरकारी नोकरी हवी तर मराठीवाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती होती. त्यामुळे धारवाड-बेळगावकडची, घरात कानडी बोलणारी पोरे शाळेत मराठी घोकत. कारकुनाच्या घरच्या पोरांना हे जमून जाई. शेतकऱ्याच्या पोराला पाटीवर काय लिहिले आहे हेच उमगत नसे.

धारवाडचे इंग्रज अधिकारी वॉल्टर इलियट यांनी १८३० च्या दशकात कानडी शाळांसाठी खटपट केली. खरा बदल झाला तो १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिल्यावर. या खात्यातले रसेल नावाचे इंग्रज अधिकारी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कानडी शाळा, कानडी पुस्तके आणि कानडी शिकवणारे शिक्षक यांची घडी बसवली. डेप्युटी चन्नबसप्पांचे नाव कानडी घरांत आजही आदराने घेतले जाते. आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकलेलेही नसते. पुढे २० जुलै १८९० रोजी धारवाडला रा. ह. देशपांडे यांनी कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. देशपांडे हे आडनाव, शिक्षण पुण्याकडचे, आणि काम कानडीचे! या भागात आडनावावरून भाषा ओळखू नये, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते.

हे सारे लांबण लावून सांगितले याला कारण आहे. पुढच्या काळात कर्नाटकातल्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात मराठीबद्दल जो कडवटपणा दिसतो, तो काही हवेतून आलेला नाही. त्यांच्या आजोबांनी मराठी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. त्यामुळे आपल्या नातवंडांवरचा अन्याय न्याय्य ठरत नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्याच्या भाषेत पोराला पहिली इयत्ता काढायला लावणे म्हणजे काय, हे या जिल्ह्यात दोन्ही बाजूंना अनुभवाने माहीत आहे. इतर सीमावादांत असे फारसे आढळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगाव शहराची शाळांबद्दल चांगलीच ख्याती झाली. लंडन मिशनची शाळा, सरकारी सरदार हायस्कूल, १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय. मिशनच्या आणि सरकारी वर्गांत मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी बोलणारी मुले एकाच बाकावर बसत. शहराच्या पश्चिमेला असलेल्या बेळगुंदीशी काकासाहेब कालेलकरांच्या घराण्याचे नाते. वडिलांच्या बदल्यांमुळे काकासाहेबांचे शिक्षण गावोगाव झाले, आणि पुढे राष्ट्रीय शिक्षणाच्या लाटेत बेळगावच्या गणेश विद्यालयाची जबाबदारी त्यांनी काही काळ सांभाळली. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून, टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेतून ही शाळा उभी राहिली होती. विद्यालयाला गणेशाचे नाव असणे हे त्या काळाला धरूनच होते. सार्वजनिक गणेशोत्सव आणि राष्ट्रीय शाळा ही एकाच चळवळीची दोन अंगे होती. बेळगुंदीचे नाव या लेखात पुन्हा येणार आहे, फार वेगळ्या कारणाने.

भाषेच्या वादात बुडून गेले की दुसरी एक गोष्ट नजरेआड होते. ज्यांना शाळेच्या ओसरीवरसुद्धा बसू दिले जात नव्हते, त्या मुलांना शाळा मराठी की कानडी हा प्रश्न फार पुढचा होता. या बाबतीत निपाणीचे नाव घ्यावेच लागते. निपाणी ही तंबाखूची पेठ. पलीकडे कागल, म्हणजे कोल्हापूर संस्थान. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याआधीपासून जातवार वसतिगृहांची मालिका उभी केली. निपाणी ब्रिटिश मुलखात असली तरी हे वारे वेशीपर्यंत येत होते. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. या घटनेला गेल्या वर्षी शंभर वर्षे झाली असे आपण म्हणू-म्हणू म्हणता काळ पुढे सरकत राहील. पण निपाणीच्या बाहेर, खुद्द बेळगावातही, किती जणांना ती माहीत आहे?

परिषदेनंतर तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली. तिच्या वतीने मुंबई इलाख्यात वसतिगृहे चालली, त्यांतले एक धारवाडला होते. ते सांभाळले बळवंतराव वराळे यांनी. वराळे निपाणीशी नाते असलेले, बाबासाहेबांचे निकटचे सहकारी. त्यांच्या आठवणींचे पुस्तकही मराठीत आहे. त्यांचे नातू न्यायमूर्ती प्रसन्न वराळे निपाणीत जन्मले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. धारवाडसारख्या कानडी शहरात, कानडी भागातल्या मुलांसाठी चाललेले वसतिगृह एका मराठी बोलणाऱ्या माणसाने जिवापाड जपले. विद्यार्थी कल्याण हा शब्द आज सरकारी परिपत्रकांतून गुळगुळीत झाला आहे. त्या वेळी त्याचा अर्थ होता अंथरूण, दोन वेळची भाकरी आणि वर्गात बसायची जागा.

आता राजकारणाकडे वळू, पण भराभर, कारण तो भाग आपल्याला पाठ आहे. १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५३ मध्ये फाजल अली आयोग नेमला गेला. १९५६ च्या जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्यासाठीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातून चंदगड तालुका तेवढा वगळला, कारण तिथले मराठी बहुमत इतके ठळक होते की आयोगालाही ते नाकारता आले नाही. तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. वेंगुर्ले रस्त्यावरची बाची बेळगाव तालुक्यात आणि लागूनचे शिनोळी चंदगडात. दोन्ही गावांतल्या पोरांची बोली एक, बाजारहाट एक, सोयरिकी एकमेकांत. क्रमिक पुस्तके मात्र त्या दिवसापासून वेगळी झाली.

शाळेच्या दृष्टीने त्या १ नोव्हेंबरला आणखी एक गोष्ट घडली. ती काळ्या दिनाच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. घटनेची सातवी दुरुस्ती त्याच दिवशी अमलात आली आणि तिच्याबरोबर ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घटनेत दाखल झाली. पहिल्या कलमाने सांगितले की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली. या अधिकाऱ्याचे, म्हणजे आयुक्तांचे, एक विभागीय कार्यालय पुढे बेळगावातच होते. म्हणजे ज्या दिवशी आपण परराज्यात गेलो, त्याच दिवशी परराज्यात गेलेल्या मुलांसाठी घटनेत एक खिडकी उघडून ठेवली गेली. खिडकी छोटीच. ‘प्रयत्न करावा’ या शब्दांत सक्ती फारशी नाही. पण पुढची सगळी लढाई या खिडकीतूनच लढली गेली.

त्या आधीपासून एक हिशोबही होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले होते की एखाद्या वर्गात दहा किंवा साऱ्या शाळेत चाळीस मुले एका मातृभाषेची असतील, तर त्या भाषेत शिकवणारा शिक्षक द्यावा. जुने शिक्षक याला दहा-चाळीसचा नियम म्हणत. सोपा, मोजता येणारा नियम. सीमाभागातल्या अनेक खेड्यांत मराठी शाळा टिकल्या त्या मोर्च्यांपेक्षा या आकड्यांवर, आणि मुख्याध्यापकांनी घरोघर फिरून पटावर मुले आणली म्हणून. गल्लोगल्लीच्या नंबरी शाळांतल्या त्या मास्तरांनी आणि बाईंनी जे केले त्याची नोंद कुठल्या ठरावात नाही.

उच्च शिक्षणाची वाट निपाणीकरांनी वेगळ्याच तऱ्हेने शोधली. निपाणीचे म्हणून जे देवचंद महाविद्यालय आपण ओळखतो, ते निपाणीत नाही. ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. गावाबाहेर पडून चार पावले चालले की राज्य बदलते आणि विद्यापीठही बदलते. त्या काळी धारवाडऐवजी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. तंबाखू व्यापाऱ्यांच्या पैशातून आणि पुढाकारातून ही संस्था उभी राहिली. कर्नाटकातल्या घरातून निघून मुले रोज महाराष्ट्रात कॉलेजला जातात आणि संध्याकाळी कर्नाटकात जेवायला येतात. सीमाप्रश्नावर इतके व्यवहारी उत्तर दुसऱ्या कुणी काढल्याचे मला तरी ठाऊक नाही. बेळगाव शहराला अशी हद्द जवळ नव्हती. तिथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालय होते, जिथे पु. ल. देशपांडे यांनी काही काळ शिकवले. शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयात इंदिरा संत होत्या. पुढे दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळ, मराठा मंडळ अशा संस्थांनी आपापल्या परीने शाळा-कॉलेजे चालवली.

१९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ मध्ये दिलेल्या अहवालात निपाणी आणि खानापूरकडचा भाग महाराष्ट्राला द्यावा असे म्हटले, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडे ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला, म्हैसूरने स्वीकारला, आणि अंमलबजावणी कुणीच केली नाही. निपाणीकर याबद्दल बेळगावकरांकडे पाहून अजूनही अर्धवट हसतात.

शाळांवर खरे संकट आले ते १९८० नंतर, आणि गंमत अशी की त्याचा उगम बेळगावात नव्हता, मराठीतही नव्हता. बेंगळूर-म्हैसूरकडच्या हायस्कुलांत मुले संस्कृत ही पहिली भाषा घेत आणि कन्नड न शिकताच शालान्त परीक्षा पार करत. संस्कृतला गुण चांगले पडत. यावर गदारोळ झाला तेव्हा गुंडूराव सरकारने १९८० मध्ये कवी आणि विद्वान वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९८१ मध्ये शिफारस केली की हायस्कुलात कन्नड हीच एकमेव पहिली भाषा असावी, तिला १५० गुण असावेत, इतर दोन भाषांना शंभर-शंभर. सरकार रेंगाळले. मग १९८२ मध्ये साहित्यिक रस्त्यावर आले, नट राजकुमार त्यांच्यात सामील झाले आणि आंदोलन गावोगाव पसरले. जुलै १९८२ मध्ये आदेश निघाला.

संस्कृत घेऊन कन्नड टाळणाऱ्या बेंगळूरच्या मुलासाठी काढलेले औषध खानापूरच्या मराठी मुलाला पाजले गेले. त्याचा हिशोब करून पाहा. ज्या मुलाने सातवीपर्यंत सारे विषय मराठीत शिकले, त्याच्या शालान्त परीक्षेतला सर्वांत मोठा, दीडशे गुणांचा पेपर कानडीचा, आणि तोही कानडी घरातल्या मुलांच्या बरोबरीने. कानडी ऐकून समजणे वेगळे. बाजारात ‘एष्टु?’ विचारता येते म्हणून हळगन्नड कवितेचे रसग्रहण लिहिता येत नाही. आपल्यापैकी कित्येक जण उत्तम कानडी बोलतात, कानडी नाटकांना जातात, कानडी शेजाऱ्याच्या लग्नात वाढायला उभे राहतात. विरोध कानडी शिकण्याला नव्हता. मराठी मुलाची पहिली भाषा सरकारने ठरवण्याला होता. हा फरक त्या वेळी बेंगळूरला समजावून सांगण्यात आपले नेते फारसे यशस्वी झाले नाहीत, असे मला वाटते. घोषणांच्या गर्दीत तो हरवला आणि वर्तमानपत्रांतून ‘कानडीविरोधी मराठे’ एवढेच चित्र उभे राहिले.

१९८६ च्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, कन्नड सक्तीविरुद्ध सत्याग्रह झाला. कर्नाटकात तेव्हा रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रातून नेत्यांना बेळगावात यायला बंदी, तेव्हा शरद पवार आणि छगन भुजबळ वेषांतर करून आले. त्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात आणि ऐकायला बऱ्या वाटतात. पण त्याच दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात नऊ माणसे गेली. हिंडलग्याला आणि बेळगुंदीला रक्त सांडले. काकासाहेब कालेलकरांच्या बेळगुंदीत! मेलेले लोक पुढारी नव्हते. शेतात, कामावर जाणारी साधी माणसे होती, आणि मुद्दा होता मुलांच्या शाळेतल्या एका भाषेचा. हिंडलग्याच्या स्मारकाशी १ जूनला दरवर्षी जमणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे आज मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न तिथे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

सक्ती अखेर हटली ती न्यायालयात, आणि इथेही थोडे मन मोठे करून पाहायला हवे. खटला चालवला तो केवळ मराठी माणसांनी नव्हे. उर्दू, तमिळ, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांच्या शाळा आणि पालक त्यात होते. भाषिक अल्पसंख्य संरक्षण समितीच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८९ च्या जानेवारीत निकाल दिला : कन्नड हीच एकमेव पहिली भाषा ठरवणे समानतेच्या आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांना धरून नाही. हा निकाल कर्नाटकातल्याच न्यायालयाने दिला होता. सरकारने मग त्याच वर्षी नवे आदेश काढले. पहिली भाषा म्हणून मुलाला आपली मातृभाषा घेता येईल, मराठीही घेता येईल, असे त्यांत होते. प्राथमिक वर्गांत कन्नड ऐच्छिक ठेवले होते. या आदेशांनाही आव्हान दिले गेले, पण डिसेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. शालान्त परीक्षेत मराठी पहिल्या भाषेच्या १२५ गुणांच्या पेपरावर आली आणि कानडी, इंग्रजी शंभर-शंभरच्या रांगेत बसल्या. सीमाभागातल्या मराठी शाळेने यासाठी किती किंमत मोजली होती, ते वर आलेच आहे.

इथून पुढे गोष्टीला विचित्र वळण लागते. १९९४ मध्ये राज्य सरकारने धोरण जाहीर केले की पहिली ते चौथी शिकवण्याचे माध्यम मुलाची मातृभाषा किंवा कन्नड असावे. म्हणजे मराठी मुलाने चौथीपर्यंत मराठीतच शिकावे, असे खुद्द कर्नाटक सरकार म्हणू लागले! कागदावर मराठी शाळेला इतके अनुकूल धोरण त्याआधी कधी आले नव्हते. पण याच्या विरोधात गेले ते इंग्रजी माध्यमाच्या शाळाचालकांचे मंडळ, आणि त्यांच्यामागे उभे राहिले सगळ्या भाषांतले पालक. कित्येक शाळांनी परवानगी कन्नड माध्यमाची घेतली आणि वर्गात इंग्रजी शिकवले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की माध्यम कोणते हे पालक ठरवतील. सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. १९८९ मध्ये ‘आमच्या मुलाची भाषा आम्ही ठरवू’ हे तत्त्व मराठीच्या बाजूने होते. पंचवीस वर्षांनी तेच तत्त्व इंग्रजीच्या कामी आले.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कर्नाटकाने कन्नड भाषा शिक्षण कायदा केला. त्याप्रमाणे २०१७-१८ पासून पहिलीपासून वर्षागणिक वर चढत सर्व शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले. कन्नड पहिली भाषाच असावी असे यात नाही, म्हणून १९८२ शी याची तुलना करणे मला पटत नाही. पण सरकारी शाळांत २००७ पासून इंग्रजीही पहिलीपासून आली होती. तेव्हा आजचे सहा वर्षांचे मराठी पोर एकाच वर्षी देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांना हात घालते. ‘क’ तीन तऱ्हेने काढते. मुले हुशार असतात, शिकतात. पण त्यासाठी तिन्ही भाषा नीट येणारा शिक्षक लागतो. मराठी शिकवणारा शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते किंवा अतिथी शिक्षकावर भागवले जाते, ही तक्रार सीमाभागात जुनीच आहे. मराठीत शिकवणारे शिक्षक घडवायची पुरेशी व्यवस्था नसेल तर ३५०-अ कलम भिंतीवर लावून काय उपयोग?

कल्याणाच्या योजनांबाबत मात्र भाषेची तक्रार करायला जागा थोडी आहे, आणि हे मान्य करायला आपण कचरू नये. मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण, २०१३ पासून क्षीरभाग्याचे दूध, या गोष्टी मराठी सरकारी शाळेतल्या मुलालाही मिळतात; आठवीच्या मुलामुलींना सायकलीही मिळत होत्या. पुस्तके राज्याच्याच संस्थेकडून मराठीत येतात. भाषांतरात कानडी वाक्याचा वास राहतो, तो भाग वेगळा. दूर वाडीवर राहणारी मुलगी सातवीनंतर घरी बसायची ती सायकलमुळे हायस्कुलाला गेली, हे खानापूरच्या जंगलभागात जाऊन कुणीही पाहावे.

निपाणीत कल्याणाचा प्रश्न विडीशी बांधलेला आहे. आई घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, पोरगी शाळेतून आली की तेंदूची पाने कापायला बसते. हजाराचा हिशोब पुरा करायचा असतो. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे आणि त्यातल्या गोळीबारामुळे निपाणी देशभर गाजली. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनीही संघटना बांधली. प्रा. सुभाष जोशी यांनी त्यात पुढाकार घेतला. या बायकांवर १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट निघाला. वखारीतली धूळ, मजुरी, मुकादमाची दमदाटी यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या या बायकांनी जे मागितले त्याचा थेट परिणाम मुलांच्या शाळेवर होत होता. आईला मजुरी पुरेशी मिळाली की पोरीचे हात विडीवरून सुटतात. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण त्यासाठी आईकडे विडी कामगाराचे ओळखपत्र हवे, आणि घरी बसून वळणाऱ्या बाईला कारखानदार कामगार म्हणून कागदावर दाखवेलच असे नाही. तिथे अडते ते ओळखपत्रावर. या घरांत माध्यमाचा वाद कुणी घालत नाही. सरकारी शाळा मराठी म्हणून मूल मराठीत शिकते. आज मराठी माध्यमाचे पट बऱ्याच अंशी अशाच घरांतल्या मुलांनी धरून ठेवले आहेत.

महाराष्ट्र सरकारनेही सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी दार उघडे ठेवले आहे. दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागा आहेत. आपल्या गल्ल्यांतले कित्येक डॉक्टर-इंजिनिअर याच जागांवरून शिकले. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. फक्त हे दार बारावीनंतरचे आहे. पहिलीतल्या मुलासाठी मुंबईला काही करता येत नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमेचा दावा पडून आहे; तो दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेले मूल आज स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधत असेल.

दहा-चाळीसच्या नियमाने एके काळी मराठी शाळा तारल्या. आज तोच आकडा त्यांच्या विरोधात उभा आहे. पट घसरला की शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होते आणि वर्गात दहा मराठी मुले दाखवता आली नाहीत तर कायद्याचे कुठलेच कलम कामी येत नाही. ही दहा मुले कमी पडतात तेव्हा बाकीची कुठे गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. दरवर्षी मे महिन्यात शहरातल्या इंग्रजी शाळांचे प्रवेश अर्ज भरले जातात. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. आपल्या घरांतून तो ठळक अक्षरांत, अभिमानाने भरला जातो : मराठी. त्याच्या खालच्या रकान्यात माध्यम लिहायचे असते.